पुराव्याअभावी निरोगी

आमच्या घरात आजारी पडायला परवानगी लागायची, आणि ती द्यायचं काम एका काचेच्या नळीकडे होतं.

माझे वडील पाण्याच्या तोट्या बनवणाऱ्या कारखान्यात हजेरी खात्याचे प्रमुख होते. इतर अधिकाऱ्यांच्या खिशाला पेन असायचं, यांच्या खिशाला थर्मामीटर. आजारपणाची रजा मागायला आलेल्या कामगाराला ते आधी खुर्ची द्यायचे, मग जिभेखाली थर्मामीटर द्यायचे, आणि अशा रीतीने समोरच्याचं तोंड बंद झालं की रजेचे नियम पोटकलमांसह समजावून सांगायचे. पारा चढला तर रजा. नाही चढला तर सहानुभूती. सहानुभूती ते अगदी मनापासून द्यायचे, कारण तिचा कारखान्याच्या उत्पादनावर परिणाम होत नसे. कामगार पाठीमागे त्यांना 'पारासाहेब' म्हणत. बाबांना ते ठाऊक होतं. त्यांना तो किताब वाटायचा.

घरीही हाच कायदा. पोटात दुखतंय, गरगरतंय, पाय मुरगळलाय, या सगळ्या गोष्टी 'तोंडी निवेदन' या सदरात जात. मला कांजिण्या आल्या तेव्हा ताप उतरल्याबरोबर मी अंगभर फोड घेऊन शाळेत हजर झालो. मुख्याध्यापिकांनी मला फाटकातूनच परत पाठवलं. बाबांनी पुन्हा थर्मामीटर लावला आणि आईला म्हणाले, "शाळेचं प्रशासन ढिलं पडलंय." खोटा ताप आणायचे सगळे मार्ग मी चोखाळून पाहिले: गरम चहा, टेबलावरचा दिवा, काखेत उकडलेला बटाटा. बटाट्याच्या दिवशी पारा इतका चढला की कायद्याने मी मयत होतो. बाबांनी नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "मयताला शाळा माफ असते. पण मयताला जेवणही नसतं. काय ते ठरव."

मोठा झाल्यावर मी विमा कंपनीत लागलो. लोकांचे आजारपणाचे दावे तपासायचे आणि शक्यतो नाकारायचे, हे माझं काम. मुलाने घराण्याचा धंदा पुढे चालवला, असं आमची आत्या म्हणते.

बायको मात्र मी विरोधी पक्षातून आणली. ती एका प्रयोगशाळेत संशोधन करते. शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, ते निरोप पोचवणारी काही प्रथिनं असतात. त्यातल्या एकाच्या मागे ती लग्नाच्या आधीपासून आहे. त्याचं नाव इंटरल्युकिन-सहा. सून म्हणून घरात येऊन आठवडा झाला नव्हता तेव्हा तिने जेवणाच्या टेबलावर सांगून टाकलं, "बाबा, ताप म्हणजे आजार नव्हे. ताप म्हणजे शरीराने काढलेला हुकूम. हुकूम निघाला नाही म्हणून चोर आलाच नाही, असं होत नाही."

"भाजी वाढू का कुणाला?" आई म्हणाली. आईने आयुष्यभर अशा प्रसंगी भाजी वाढली होती.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी बाबांच्या बोटांनी संप पुकारला. सकाळी उठले की सांधे आल्याच्या गड्ड्यासारखे सुजलेले. शर्टाची बटणं आईने लावायची, बुटाच्या नाड्या मी बांधायच्या. आणि त्यांच्या जिव्हारी लागलेली गोष्ट वेगळीच होती: थर्मामीटर झटकून पारा खाली आणता येईना. तो मनगटाचा झटका म्हणजे त्यांची अख्खी कारकीर्द होती. मी नव्या पद्धतीचा, पीं करून आकडा दाखवणारा थर्मामीटर आणून दिला. बाबा म्हणाले, "न्यायाधीश असा शिट्टी वाजवत नाही." बरं, इतकं होऊनही ताप नव्हता. म्हणजे स्वतःच्याच कायद्याप्रमाणे ते ठणठणीत होते आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होते.

शेवटी आईने सूनबाईला सोबत घेऊन त्यांना संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "तुमची फौज तुमच्याच सांध्यांवर चालून गेलीय. तिला चिथावणाऱ्यांमध्ये एक प्रथिन पुढे असतं. त्याचा निरोप पोचूच द्यायचा नाही, असं औषध आहे. महिन्यातून एकदा सलाइनमधून घ्यायचं." कुठलं प्रथिन, असं सूनबाईने विचारलं. ते नेमकं तिचंच निघालं. "हो, आमची ओळख आहे," ती म्हणाली. पोलीस चौकीत आपल्या पुतण्याबद्दल सांगावं अशा आवाजात.

बाईंनी दोन गोष्टी बजावल्या. एक, हे औषध चालू असताना कुठला जंतुसंसर्ग झाला, तर तो बरा होईपर्यंत औषध थांबवावं लागेल. दुसरी, "यांना ताप येणार नाही. आत संसर्ग असला तरी कदाचित येणार नाही, त्यामुळे खोकला, धाप, थकवा यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा."

या दुसऱ्या सूचनेचं पहिलं वाक्य ऐकूनच बाबांचा चेहरा उजळला. पुढचं त्यांना ऐकूच आलं नाही. ताप येणार नाही! त्यांनी ती गोष्ट फायद्यात धरली. औषधाचा धोका कुणी बढतीच्या पत्रासारखा स्वीकारलेला त्या बाईंनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा.

औषध लागू पडलं. घरात सगळे त्याला 'इंजेक्शन' म्हणायचे. दोन इंजेक्शनांत बटणं परत आली, मग नाड्या, मग तो झटका. बाबा रिकाम्या खोलीतही उगाच थर्मामीटर झटकून बघायचे. आणि मग ते सकाळी आईच्या आधी उठून तिच्यासाठी चहा करायला लागले, जे त्यांनी चांगली बोटं असतानाही कधी केलं नव्हतं. चहा भयंकर असायचा. आई तो पूर्ण प्यायची आणि वर अर्धा कप मागायची. तो अर्धा कप ओतला जात असताना तिचं लक्ष चहाकडे नसायचं, किटली धरलेल्या हाताकडे असायचं.

"मग हे तुझं प्रथिन वाईटच म्हणायचं ना?" बाबांनी एका रविवारी नाश्त्याला विचारलं. "कायमचं काढून का टाकत नाही?"

"तुम्ही आत्यांना कायमचं काढून टाकाल?" सूनबाई म्हणाली.

आत्या तिथेच बसून टोस्टला लोणी लावत होती. ही बाबांची थोरली बहीण. दोन गल्ल्या सोडून राहते, पण ती राहते असं म्हणण्यापेक्षा तिथे झोपायला जाते असं म्हणणं बरोबर. सगळ्यांच्या घरात कुठे काय शिजतंय आणि काय बिनसतंय ते तिला आधी कळतं.

"प्रश्न चांगला आहे," बाबा म्हणाले. "विचार करायला वेळ दे."

"अरे धाकट्या, जिभेला हाड आहे का तुझ्या?" आत्या म्हणाली. "बोल गं तू. मी काय केलंय?"

"आत्या, तुम्ही इथे कुणाची ताई, कुणाची आत्या. समोरच्या इमारतीत तुम्ही मावशी. पलीकडे मामी. कोपऱ्यावरच्या घरात काकू. प्रत्येक घराला वाटतं, ही बाई आपलीच, आणि आपल्यालाच एवढी छळते."

"छळते?"

"ऐका तर. या प्रथिनाचं अगदी तसंच झालं. एका प्रयोगशाळेला असं काहीतरी सापडलं, जे जंतूंविरुद्ध प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना कामाला जुंपतं. त्यांनी एक नाव ठेवलं. दुसऱ्यांना यकृताला हुकूम सोडणारं काहीतरी सापडलं. त्यांनी दुसरं नाव ठेवलं. तिसऱ्यांचं तिसरं. सगळे आपापली बाई घेऊन खूश. मग उलगडून बघितलं तर सगळीकडे एकच!"

"म्हणजे राबायचं मी एकटीने आणि नाव दरवेळी वेगळं," आत्या म्हणाली. तिला विषय आवडायला लागला होता.

"कुठे जखम झाली, जंतू शिरले, की हीच धावते. मेंदूला सांगते, ताप काढ. यकृताला सांगते, ताबडतोब माल तयार कर, आणि लोह दडवून ठेव, जंतूंच्या हाती लागायला नको. आणि गंमत म्हणजे, माणूस तास-दोन तास दमदार चालला, की त्याच्या स्नायूंमधूनही हीच बाहेर पडते. पण तेव्हा भांडायला नाही! तेव्हा ती साखरेची सोय बघते आणि बाकीच्या भांडकुदळांना गप्प बसवते."

"ही भांडणं मिटवते?" बाबांनी बहिणीकडे बघत विचारलं.

"चालत असली की."

"ताई, तू चालत जा."

"आणि तीच सांध्यात मुक्काम ठोकून बसली, की हाडं कुरतडायला लागते," सूनबाई म्हणाली. "चार दिवसांची पाहुणी म्हणून तिच्यासारखी दुसरी नाही. पण वर्षभर राहिली तर..." ती थांबली.

आत्याने टोस्ट खाली ठेवला. "बोल ना. आता का दातखिळी बसली?"

"तर घर कुणाचं तेच कळेनासं होतं."

आत्या सगळ्यांत मोठ्याने हसली. सूनबाई बाबांकडे वळली. "तर बाबा, या इंजेक्शनने आपण काय केलंय? आत्यांना दाराबाहेर उभं केलंय. भांडणं थांबली, छान झालं. पण उद्या घरात धूर झाला, तर ओरडून सांगणारं कुणी उरलेलं नाही. तेव्हा आपणच वास घेत राहायचं."

बाबांनी गंभीरपणे मान डोलावली. यातलं 'भांडणं थांबली, छान झालं' एवढंच त्यांनी ठेवून घेतलं.

थंडी सुरू झाली आणि बाबा खोकायला लागले. आधी जेवल्यावर, मग जेवताना, मग जेवण अर्धं टाकून. थर्मामीटर मात्र रोज नॉर्मल. ते स्वतः लावायचे, स्वतः वाचायचे आणि सगळ्यांना दाखवून झटकायचे. सूनबाई म्हणाली, छातीचा एक्स-रे काढू. बाबा म्हणाले, कशाच्या आधारावर?

पुढच्या इंजेक्शनचा दिवस जवळ आला होता. संसर्ग सापडला तर ते रद्द, आणि ते रद्द झालं तर बोटं पुन्हा संपावर. हे बाबांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण खोकल्याची उबळ आली की ते स्वयंपाकघरात जायचे, नळ पूर्ण सोडायचे आणि पाण्याच्या आवाजात खोकून घ्यायचे. आयुष्यभर कायद्यापायी स्वतःचं नुकसान करून घेतलेल्या त्या माणसाचा कायदा आणि स्वार्थ पहिल्यांदाच एका बाजूला उभे होते. मग काय विचारता!

"तू दावे तपासतोस ना?" त्यांनी मला मध्ये ओढलं. "सांग हिला. ताप नाही, दाखला नाही. असा दावा तुमच्याकडे टिकेल?"

"कागदोपत्री नाही टिकणार," मी म्हणालो. खरं तेच होतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेवर अजून कुठल्याच प्रयोगशाळेत औषध निघालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा कुणाला न सांगता कोपऱ्यावरच्या रक्ततपासणी केंद्रात गेले आणि शरीरात कुठे सूज-संसर्ग असला की वाढणारं जे द्रव्य असतं, ते तपासून आले. निकाल जवळपास शून्य. त्यांनी तो कागद सूनबाईच्या ताटाशेजारी ठेवला.

"दोन साक्षीदार. एक पारा, एक रक्त. दोघं स्वतंत्र."

"स्वतंत्र कसले डोंबलाचे, बाबा! ताप कुणाच्या हुकुमाने चढतो? हिच्या. यकृत हे द्रव्य कुणाच्या हुकुमाने बनवतं? हिच्याच. आणि तिला आपण कोंडून घातलंय. मुकादमाला खोलीत कोंडायचं, बाहेर येऊन मजुरांना विचारायचं, काही काम आलंय का रे? ते म्हणणार, छे, आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"म्हणजे तुझं म्हणणं असं, की पुरावा नाही हाच पुरावा."

"माझं म्हणणं, पुरावा दुसरीकडे शोधा. छातीच्या फोटोत."

"अर्ज नामंजूर," बाबा म्हणाले आणि समारोपाला सुरुवात केली. "हे बघ सूनबाई, ज्या माणसाचा पारा नॉर्मल आहे, ज्याचं रक्त नॉर्मल आहे, ज्याने उभ्या आयुष्यात एकही दिवस खाडा केलेला नाही, अशा माणसाला केवळ घरातल्या एका व्यक्तीच्या..."

इथे ते थांबले. त्यांनी श्वास घेतला. "व्यक्तीच्या..." म्हणाले आणि आणखी एक श्वास घेतला.

बाबांची वाक्यं मालगाडीसारखी असतात. फार लांब असतात, पण शेवटचा डबा येतोच. आम्ही फाटकाशी खोळंबल्यासारखे थांबून राहिलो. डबा आला नाही. बाबांनी पाण्याचा पेला उचलला आणि तहान लागल्यासारखं केलं.

"झालं," ते म्हणाले.

"काय झालं?" आईने विचारलं.

"माझं बोलणं."

"नाही झालं," आई म्हणाली. तिने हातातला भाजीचा चमचा खाली ठेवला. हे आमच्या घरात यापूर्वी घडलेलं नव्हतं. "उठा. कपडे बदला."

"अगं, ताप..."

"तापाचं मला सांगू नका. तुमचं एक वाक्य मध्ये तुटलेलं मी अजून ऐकलेलं नाही. मला कळा येत होत्या, दाराशी गाडी उभी होती, तेव्हासुद्धा तुम्ही मला बाळंतपणाच्या रजेचे नियम पूर्ण ऐकवलेत."

"ते तुझ्या माहिती..."

"हे बघा, दुसरं. चला."

दाराशी आई त्यांना कोट चढवत होती. मी पाठमोरा होतो, पण कान काही पाठमोरे होत नाहीत.

"इंजेक्शन बंद करतील गं," बाबा हळूच म्हणाले.

"करू देत."

"मग सकाळचा चहा?"

"खरं सांगू? तुमचा चहा अगदी वाईट असतो."

"मग रोज वर अर्धा कप कशाला मागतेस?"

आईने कोटाचं शेवटचं बटण लावलं.

इस्पितळात तातडीच्या कक्षात एक तरुण डॉक्टर होता. हुशार दिसत होता आणि दमलेला होता. त्याने बाबांना खुर्ची दिली. थर्मामीटर लावला. रक्ताचा कागद पाहिला. त्याच्यामागे रांगेत बरीच माणसं खोकत होती आणि त्यांना रीतसर ताप होता.

"आजोबा, ताप नाही, रक्तात सूज नाही," तो म्हणाला. "साधा खोकला आहे. घरी जा, गरम पाणी प्या."

"डॉक्टर, ते ज्या औषधावर आहेत, त्यात ताप येतच नाही," सूनबाई म्हणाली. "एक्स-रे काढायला हवा."

"मॅडम, तुमची काळजी मी समजू शकतो," डॉक्टर मऊ आवाजात म्हणाला. "अगदी मनापासून समजू शकतो. पण इथे आम्हाला काही निकष पाळावे लागतात."

बाबांनी मान वर केली. तो सूर त्यांना ओळखीचा होता. तो त्यांचाच होता. तीच खुर्ची, तीच नळी, तीच मनःपूर्वक, बिनखर्ची सहानुभूती. फक्त या खेपेला ते टेबलाच्या अलीकडे बसले होते.

त्यांनी दरवाजाकडे पाहिलं. वाट मोकळी होती. सरकारी शिक्क्याने निरोगी ठरून घरी जाता येत होतं. इंजेक्शन वाचत होतं, बोटं वाचत होती. आईने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती भिंतीवरची हात धुण्याची पद्धत वाचत बसली. सूनबाई पुन्हा बोलायला लागली आणि डॉक्टरने हात वर करून तिला थांबवलं.

"डॉक्टर," बाबा म्हणाले. "तिला. बोलू द्या."

"आजोबा, मी म्हटलं ना..."

"माझी ताई," बाबा म्हणाले. एकेक शब्द विकत आणल्यासारखा येत होता. "दाराबाहेर. उभी आहे."

डॉक्टरने दाराकडे पाहिलं. दाराबाहेर खरोखरच आत्या उभी होती, हातात सुपाचा थर्मास घेऊन. तिला कुणीही फोन केलेला नव्हता.

"मग त्यांना आत बोलवा," डॉक्टर गोंधळून म्हणाला.

"नाही. येऊ. शकत." बाबांनी मान हलवली. "इंजेक्शनने. कोंडलंय तिला. आग लागली. तरी ओरडणार कोण? तुम्ही विचारताय मजुरांना. मुकादमाला विचारा."

"अरे, मला कोण कोंडतंय? मी आले की!" आत्या दारातून म्हणाली.

डॉक्टरने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. त्याला यातलं काहीही कळलेलं नव्हतं. पण एक गोष्ट त्याला दिसली, कारण तो खरंच हुशार होता: समोरचा म्हातारा दोन-तीन शब्दांच्या पलीकडे जाऊ शकत नव्हता. "औषधाचं नाव काय म्हणालात?" त्याने सूनबाईला विचारलं. तिने सांगितलं. मग त्याने स्वतः उठून चाकांची खुर्ची आणली.

उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग फोटोत ढगासारखा पांढरा होता. न्यूमोनिया. आणखी चार दिवस नळ सोडून खोकत बसले असते, तर कठीण होतं, असं मोठे डॉक्टर म्हणाले. बाबांना भरती करून घेतलं, ऑक्सिजन लावला, प्रतिजैविकं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी नर्सला पहिलं पूर्ण वाक्य ऐकवलं. ती तापाची नोंद करून "नॉर्मल आहे हं" म्हणाली होती, त्यावर बाबांनी तिला थांबवून घेतलं आणि नॉर्मल पारा हा कसा अविश्वसनीय, लाचार आणि दुसऱ्याच्या तंत्राने चालणारा साक्षीदार असतो, हे उपवाक्यांसह समजावून सांगितलं. ती बिचारी उभीच राहिली. आई बाहेर येऊन म्हणाली, "बरे झाले."

संधिवाताच्या बाई भेटायला आल्या. बाबांनी श्वास रोखून विचारलं, इंजेक्शन गेलं ना?

"गेलं कुठे? लांबणीवर पडलं. छाती पूर्ण स्वच्छ झाली की पुन्हा सुरू करू."

"म्हणजे बिनपगारी रजा," बाबा म्हणाले आणि उशीवर टेकले. एवढं साधं होतं तर ते कुणी आधी का सांगितलं नाही, असंही म्हणाले. सूनबाई त्यांच्या छातीच्या फोटोकडे इतक्या प्रेमाने बघत होती की मला जरा मत्सरच वाटला.

मधले आठवडे बोटं कुरकुरली. आईने बटणं लावली, चहाही तिनेच केला. तो चांगला असायचा आणि बाबा त्याबद्दल नाराज असायचे. मग छाती स्वच्छ निघाली, इंजेक्शन सुरू झालं आणि घरात वाईट चहा परतला.

त्यानंतरच्या एका शनिवारची गोष्ट. आईच्या मैत्रिणीच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. ती मैत्रीण फक्त बदकं काढते. आई आणि आत्या तयार होऊन उभ्या होत्या. बाबा सोफ्यावरून उठले नाहीत.

"मला आज बरं वाटत नाहीये," ते म्हणाले.

घरात अशी शांतता पसरली की शेजाऱ्यांचा मिक्सर ऐकू आला.

"काय होतंय?" आईने विचारलं.

"नेमकं सांगता येणार नाही. ताप तर मला येणार नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पण आतून काहीतरी असावं."

"काय असणार? बदकं असणार," आत्या म्हणाली.

सूनबाईने मात्र चेष्टा केली नाही. तिने बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजला, पाठीला कान लावला, भूक, झोप, धाप सगळं विचारलं. मी मनातल्या मनात 'नामंजूर' असा शिक्काही उचलला होता.

"मला काही सापडत नाही," ती शेवटी म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले. निकाल त्यांना ठाऊक होता. असे निकाल त्यांनी आयुष्यभर दिले होते.

"पण सापडत नाही म्हणजे नाहीच असं नाही," सूनबाई म्हणाली. "रजा मंजूर."

"मंजूर?"

"मंजूर. आराम करा."

आई आणि आत्या निघून गेल्या. बाबा जन्मातली पहिली आजारपणाची रजा घेऊन सोफ्यावर बसले. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली.

"यात आता काय करायचं असतं?"

"पडून राहायचं."

ते आडवे झाले; हात शरीराला चिकटवून, कवायतीत सावधान उभं राहतात तसे. छताकडे बघत राहिले. "बरं. मग?"

"मग काही नाही."

"काहीच नाही?"

"हेच असतं, बाबा."

"आणि एवढ्यासाठी कारखान्यातली धडधाकट माणसं माझ्यासमोर रडायची?"

"त्यांना बरं नसायचं, बाबा. निदान काहींना तरी."

बाबा उठून बसले, बूट ओढले आणि म्हणाले, "सोमवारी मला त्या जुन्या मंडळींपैकी दोघा-तिघांकडे घेऊन चल. मला पत्ते माहीत आहेत." आणि दाराकडे निघाले.

"आता कुठे?"

"ही रजा कंटाळवाणी आहे. मी रद्द करतोय. बदकं काय वाईट असतात?"

मी खिडकीशी गेलो. आई आणि आत्या रस्त्याच्या टोकापर्यंत पोचल्या होत्या. खाली इमारतीच्या दारातून बाबा बाहेर पडले आणि लगबगीने चालता चालता, थांबा, आपण घरून एकत्र निघालो नाही तरी तिथे एकत्र पोचणं कसं योग्य ठरेल, हे मोठ्या आवाजात सांगायला लागले. आई वळली नाही, पण तिने चाल कमी केली. आत्याने मात्र वाढवली.